राउटरच्या खोक्यातले पाठ्यपुस्तक

शालेय पाठ्यपुस्तकांचे परीक्षण आपण नेहमी वाचतो. आज आम्ही एका वेगळ्या पुस्तिकेचे परीक्षण करणार आहोत. ती दुकानात विकत मिळत नाही, तिच्यावर लेखकाचे नाव नसते आणि ती वाचून झाली की बहुधा रद्दीत जाते. घरात वाय-फाय आणि त्याच्याबरोबर इंटरनेटवरून चालणारा टेलिफोन घेतला, की राउटरच्या खोक्यात एक घडीची पत्रिका मिळते, तीच ही पुस्तिका. आम्ही अशा तीन पत्रिका शेजारी ठेवून वाचल्या. कंपन्यांची नावे देत नाही, कारण दोष कोणा एकीचा नाही. तिन्हींचा साचा एकच आहे.

हा उद्योग सुचण्याचे कारण सांगायला हवे. आमची एक मावशी तालुक्याच्या गावी एकटी राहते. वय सत्याहत्तर. तिच्याकडचा जुना तांब्याच्या तारेचा फोन काढून नवी जोडणी आली, तेव्हा राउटर आम्हीच पत्रिका समोर ठेवून लावला. सहा चित्रे, वीस मिनिटे. फोनची घंटा वाजली, मावशी खूश झाली आणि आम्ही परतलो. पुढे जूनमधल्या एका वादळात दुपारपासून वीज गेली. रात्री मावशीला चक्कर आली. तिने फोन उचलला, तर आवाजच नाही. मोबाइलची बॅटरी संध्याकाळीच संपली होती. भिंतीला धरत ती दारापर्यंत गेली आणि शेजाऱ्यांना हाक मारली, म्हणून वेळेवर डॉक्टरकडे पोचली. दुसऱ्या दिवशी ती आम्हांला म्हणाली, “जुना फोन दिवे गेले तरी चालायचा. हा दिव्यांबरोबरच जातो, हे तू सांगितलं नाहीस!”

आम्हांला उत्तर देता आले नाही. पत्रिका पुन्हा काढून वाचली. तिच्यात हे कोठेच नव्हते. प्रयोगशाळेत रोज उपकरणे हाताळणाऱ्या आम्हांलाही ते आधी सुचले नव्हते. म्हणून हे परीक्षण पत्रिकेचे आहे, तसे काही अंशी आमचेही आहे.

जमेची बाजू

प्रथम गुण सांगू. पत्रिकेचा क्रम चांगला आहे. आधी बाहेरून आलेला काचतंतू खोक्याला जोडा, मग वीजपुरवठा द्या, दिवे स्थिर होईपर्यंत थांबा, मग टेलिफोन जोडा, शेवटी मोबाइल किंवा संगणक वाय-फायला जोडा. चित्रे स्पष्ट आहेत. टेलिफोनच्या आणि संगणकाच्या भोकांना वेगळे रंग दिले आहेत, हे विशेष उपयोगी. टेलिफोनची अरुंद पिन संगणकाच्या रुंद भोकातही शिरते. तेथे ती अडकवून “फोन बिघडला” म्हणणारे अनेक जण आम्ही पाहिले आहेत. ज्याला फक्त जोडणी करायची आहे, त्याचे काम ही पत्रिका करते.

पण पत्रिकेची प्रत्येक ओळ आज्ञार्थी आहे. हे करा, ते करू नका. “कारण” हा शब्द तिन्ही पत्रिकांत मिळून एकदाही सापडला नाही. वर्गात असे पुस्तक आले असते तर आपण त्याला घोकंपट्टीचे पुस्तक म्हटले असते. कारण न सांगितल्याने काय होते, ते तिच्यातील चार सूचना घेऊन पाहू.

तंतू आणि डोळा

पहिली सूचना : “तंतूच्या टोकात पाहू नका. तंतू दुमडू नका.” दोन्ही योग्य आहेत. आता कारण पाहा. हा काचेचा तंतू वरचे आवरण सोडले तर १२५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाहून किंचित जाड असतो. त्यातून प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे जातो. तंतू फार वाकवला, की वळणावर काही प्रकाशाचा आपाती कोन क्रांतिक कोनाहून कमी होतो आणि प्रकाश बाहेर निसटतो. सोफ्यामागे दाबला गेलेला तंतू तुटलेला नसतानाही जोडणी मंदावते, ती यामुळे.

डोळ्याचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. घरगुती जोडण्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत घराकडे येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर आणि घराकडून जाणाऱ्याची १३१० नॅनोमीटर असते. दोन्ही अवरक्त आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत. कुतूहलाने टोकात पाहणाऱ्या मुलाला अंधार दिसेल आणि “आत काहीच नाही” असे समजून ते आणखी जवळून पाहील. “हा प्रकाश दिसत नाही” एवढे तीन-चार शब्द जोडले असते, तर आज्ञेला अर्थ आला असता.

कपाट, भिंत आणि मत्स्यपेटी

दुसरी सूचना : “राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि मत्स्यपेटीपासून दूर ठेवा.” चित्रात लाकडी जिन्याचे परदेशी घर आहे. आपल्या घरातील खरे अडथळे वेगळे आहेत : विटांच्या किंवा जांभ्याच्या जाड भिंती, सळयांचा स्लॅब आणि खोलीतले लोखंडी कपाट. चित्रात कपाट नाहीच, म्हणून लोक राउटर नेमका कपाटावर मागच्या बाजूला ठेवतात.

वाय-फायच्या लहरी मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास असतात. वेग भागिले वारंवारता हे गणित केले की तरंगलांबी अनुक्रमे सुमारे साडेबारा आणि सहा सेंटिमीटर येते. धातूच्या मोठ्या पत्र्यावरून या लहरी परावर्तित होतात, कपाटामागे छाया पडते. भिंतीतून जाताना ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी सहसा अधिक क्षीण होतात. पाणी या लहरी शोषते, म्हणून मत्स्यपेटीचा उल्लेख. येथे एका गैरसमजाची नोंद करू. पाण्याचा रेणू ओव्हनच्या २.४५ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेला अनुनाद देतो, असे अनेक लेखांत लिहिलेले असते. ते बरोबर नाही. सामान्य तापमानाला पाण्याच्या या शोषणाचा कमाल बिंदू बराच वर, २० गिगाहर्ट्‌झच्या आसपास आहे.

ओव्हन त्रास देतो तो शेजारच्याच वारंवारतेमुळे. ओव्हनच्या आत सुमारे १००० वॅट शक्ती असते, तर राउटर साधारण ०.१ वॅट सोडतो. प्रमाण दहा हजारास एक. तेव्हा ओव्हनमधून सुरक्षिततेच्या मर्यादेत होणारी अल्प गळतीसुद्धा राउटरला भारी पडते. हे कारण कळले की उपायही आपोआप सुचतो : स्वयंपाकघराजवळ ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा.

आवाजाला किती वेग लागतो?

तिसऱ्या ठिकाणी तर सूचनेचे रूपांतर जाहिरातीत झाले आहे. एका पत्रिकेत लिहिले आहे : “फोनवर स्पष्ट आवाजासाठी अधिक वेगाची योजना निवडा.” हे गणिताने तपासू. टेलिफोनवर मानवी आवाजातील साधारण ३४०० हर्ट्‌झपर्यंतच्या वारंवारता पाठवतात. त्यासाठी दुपटीहून थोडे अधिक, म्हणजे सेकंदाला ८००० नमुने घेतात. प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला, तर सेकंदाला ६४,००० बिट होतात. टेलिफोन केंद्रांची ही जुनी रीत इंटरनेटवरच्या फोनमध्येही वापरता येते. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात. एका तुकड्यात १६० बाइट येतात. त्यावर पत्ता, क्रमांक इत्यादींचे ४० बाइट चढले, की २०० बाइटचे एक पाकीट होते. अशी सेकंदाला ५० पाकिटे, म्हणजे एका दिशेला सुमारे ८०,००० बिट. १०० मेगाबिटच्या जोडणीचा हा हजारावा भागही नाही.

मग आवाज तुटतो का? पाकिटे वेळेवर पोचत नाहीत म्हणून. आवाजाचे पाकीट उशिरा आले तर त्याचा उपयोग नसतो. ते टाकून द्यावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंतचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्याच वेळी घरात कोणी मोठी चित्रफीत बाहेर पाठवत असेल, तर राउटरच्या दाराशी रांग लागते आणि आवाजाची छोटी पाकिटे रांगेत अडकतात. उपाय अधिक वेग विकत घेण्याचा नसून आवाजाला रांगेत पुढे जागा देण्याचा आहे. अनेक राउटरमध्ये ती सोय असते. पत्रिकेने तिचा उल्लेखही केलेला नाही. ग्राहकाला चुकीचे कारण सांगून त्याचे पैसे खर्च करविणे, हा केवळ अपुरेपणा म्हणता येणार नाही.

काचेतून वीज वाहत नाही

आता मावशीच्या फोनकडे येऊ. चौथी सूचना म्हणजे वीजपुरवठ्याचे चित्र : ॲडॉप्टर भिंतीच्या प्लगमध्ये घाला. पुढे काही नाही. जुन्या फोनला भिंतीचा प्लग नव्हता. तांब्याच्या दोन तारांवरून आवाजही येई आणि फोन चालवायला लागणारी वीजही. टेलिफोन केंद्रात बॅटऱ्यांची मोठी रांग असे. तेथून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा प्रत्येक घरापर्यंत पोचे. गावची वीज गेली तरी केंद्राच्या बॅटऱ्या फोन जिवंत ठेवीत. नव्या जोडणीत तांब्याच्या जागी काच आली. काचेतून वीज वाहत नाही. म्हणून फोन चालविण्याची जबाबदारी केंद्राकडून निघून ग्राहकाच्या घरात आली, आणि ती आल्याचे ग्राहकाला कोणी सांगितले नाही. आमच्या मते पत्रिकेची सर्वांत गंभीर उणीव हीच आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे बंद करण्याचे काम चालू असताना वृद्धांच्या गळ्यातील मदत-घंटा नव्या जोडणीवर बंद पडल्याचे गंभीर प्रसंग घडले. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सरकार आणि मोठ्या दूरसंचार कंपन्या यांनी सक्तीची बदली थांबविण्याचे ठरविले. जाळे बंद करण्याची डिसेंबर २०२५ ची मुदत पुढे जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. तेथील नियामकाच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार, ज्यांचा आधार फक्त घरचा फोन आहे त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तातडीचा फोन करता येईल अशी सोय कंपनीने द्यायला हवी. महाराष्ट्रातील पावसाळ्यात वीज किती तास जाते, ते वाचकांना माहीत आहे. एक तास आपल्याला पुरणार नाही.

उपाय अवघड नाही. असा राउटर साधारण दहा वॅट वीज घेतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. काही ऊर्जा वाया गेली तरी सहा-सात तास सहज निघतात. ज्या घरी इन्व्हर्टर आहे तेथे राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या जोडणीवर आहे की नाही, एवढेच पाहायचे. अनेक घरांत तो नसतो. मात्र फोनचा संचही बिनतारी असेल, तर त्याच्या तळालाही वीज लागते. आणि इमारतीच्या जिन्यात पुरवठादाराची आणखी एखादी पेटी असेल, तर ती कशावर चालते हे विचारून घ्यावे.

पत्रिका आणि पाठ

पत्रिकेच्या बाजूने एक मुद्दा मांडता येईल. घाईत असलेल्या माणसाला भौतिकशास्त्र नको असते. लांब पत्रिका कोणी वाचत नाही. हे खरे आहे. आम्ही मागतो ते प्रत्येक सूचनेमागे एक वाक्य. “वीज गेल्यास हा फोन बंद पडेल, राउटरला बॅटरी जोडा” हे वाक्य छापायला बोटभर जागा पुरते. मोडेमचा रंग आणि कंपनीचे चिन्ह यांना पत्रिकेने अर्धे पान दिले आहे.

कंपन्या आमचे परीक्षण वाचतील अशी आशा नाही. शिक्षक वाचतील. म्हणून एक गृहपाठ सुचवतो. विद्यार्थ्यांनी घरातल्या मोठ्यांना सांगून मुख्य स्विच पाच मिनिटे बंद करावा आणि घरातला फोन, वाय-फाय, इन्व्हर्टरवरचे दिवे यांपैकी काय चालू राहिले, काय बंद पडले याचा तक्ता करावा. प्रत्येक ओळीपुढे “कारण” असा रकाना ठेवावा. घरात एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर त्यांचा फोन आधी तपासावा.

मावशीकडे आम्ही गेल्या महिन्यात बॅटरी बसवली. नंतर मुख्य स्विच बंद केला आणि तिला फोन उचलायला सांगितला. आवाज येत होता. तिने विचारले, “हा किती तास चालेल?” आम्ही आकडा सांगितला आणि तो कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवला.