अध्यापनाचे माप आणि वर्गातील बोली

विद्यापीठीय अध्यापनात गेल्या काही दशकांत मोठे स्थित्यंतर झाले, असे आपण सारेच म्हणतो. वार्षिक परीक्षेच्या जागी सत्रपद्धती आली, गुणांच्या जोडीला श्रेयांक आले, फळ्याशेजारी पडदा आला. परंतु ही स्थित्यंतरे अध्यापनाची आहेत की अध्यापनाच्या मापाची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत टिपणात तो भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गापुरता विचारावयाचा आहे; कारण त्याच वर्गाचा मला प्रत्यक्ष अनुभव आहे.

थोडे मागे जाणे अवश्य आहे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारे व पदव्या देणारे मंडळ होते. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याचा मार्ग मोकळा झाला आणि मुंबईत १९१९ साली पॅट्रिक गेडीझ यांच्याकडे समाजशास्त्राचे अध्यापन सोपविले गेले. म्हणजे आपल्याकडे परीक्षा आधी जन्मली आणि अध्यापन मागाहून. थोरल्या बहिणीचा हा अधिकार परीक्षेने अद्याप सोडलेला नाही.

याला अपवाद झाले नाहीत असे नव्हे. डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. तेथे सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली, रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने, १९५४ पासून भाषाविज्ञानाची सत्रे भरली. पुढे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तके सिद्ध केली. कुडाळीवरील पुस्तक १९६५ चे. या परंपरेत शिकविणे आणि शोधणे ही दोन निराळी खाती नव्हती. तथापि त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. त्याच वर्षांत कितीतरी वर्गांत अध्यापन म्हणजे पिवळ्या पडलेल्या वहीतून टिपणे सांगणे, एवढाच अर्थ होता. आणि वर्गात कोण येऊन बसू शकतो, याला घरच्या स्थितीची व जातीची मर्यादा होती. (माझ्या स्वतःच्या वहीची पानेही आता पांढरी राहिलेली नाहीत, हे येथेच कबूल करतो.)

खरे स्थित्यंतर झाले ते या शेवटच्या बाबतीत. ज्या बोली ऐकण्यासाठी पूर्वी अभ्यासकाला कोकणात वा वऱ्हाडात जावे लागे, त्या बोलींचे भाषक आज वर्गातल्या बाकांवर बसलेले असतात. पुष्कळांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच पिढी. भाषाविज्ञानाच्या शिक्षकाला याहून मोठे भाग्य कोणते? आणि तरीही आपले अध्यापन त्यांच्याशी असे बोलते की, जणू ते सारे एकाच प्रमाणभाषेत जन्मले आहेत.

एक प्रसंग नमूद करतो. लिप्यंकनाच्या अभ्यासासाठी एका वऱ्हाडी विद्यार्थिनीने आपल्या आजीचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणले. मुद्रणात आजी स्पष्टपणे ‘डोया’ म्हणत होती. कागदावर मात्र ‘डोळा’ लिहिलेले. आजी ‘मले’ म्हणे, कागदावर ‘मला’. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, पेपरात तसं लिहिलं तर चूक धरतात.” तिच्या कानाला काही झालेले नव्हते. आपण ज्याला अशुद्ध ठरवीत आलो, ते तिने आपल्या परीने दुरुस्त करून आणले होते.

त्या एका शब्दावर आमचे तीन तास गेले. ‘ळ’ चा ‘य’ सर्वत्र होतो की विशिष्ट स्थानी? ‘काळा’ चा उच्चार ‘काया’ झाला, तर शरीरवाचक ‘काया’ शब्दाशी त्याची गाठ पडते. मग अर्थभेद कशाने राखला जातो? खानदेशाकडील एकाने ‘माले’ पुढे केले, सिंधुदुर्गातील एकीने ‘माका’. मग ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा इतिहास निघाला: संस्कृत ‘काल’ पासून ‘काळ’, परंतु ‘कल्य’ पासून प्राकृत ‘कल्ल’ च्या द्वारे ‘काल’, स्वरांमधील एकेरी लकाराचा ळकार झाला, जोड लकाराचा लकारच राहिला. झ्यूल ब्लॉक यांच्या ग्रंथाचे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले भाषांतर १९४१ पासून उपलब्ध आहे. एरवी संदर्भयादीत नुसते नाव म्हणून राहणारा तो ग्रंथ त्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी आपण होऊन मागितला.

आता मापाचा विचार करू. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास; चार श्रेयांकांच्या पत्रिकेला साठ. या साठांतील तीन तास एका ‘डोया’ साठी खर्चणे हे अध्यापन-नियोजनाच्या तक्त्यात बसत नाही. श्रेयांक पद्धतीत मुळात एक चांगली गोष्ट अभिप्रेत होती: जो शिकवितो त्यानेच, शिकविता शिकविता, मूल्यमापन करावे. प्रत्यक्षात अंतर्गत मूल्यमापन म्हणजे एका मोठ्या परीक्षेऐवजी अनेक लहान परीक्षा, असे झाले. त्यातच राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तिसरी पत्रिकाही २०१२ पासून पर्यायनिवडीची झाली आणि २०२४ पासून त्या परीक्षेचे गुण विद्यावाचस्पतीच्या प्रवेशालाही लागू झाले. ज्याला पुढे जावयाचे आहे त्याने ग्रंथाचे नाव व साल पाठ करावे. ग्रंथ उघडण्याचे प्रयोजन उरत नाही.

यापुढील दिशेविषयी माझे मत असे. टिपणे पुरविणारे अध्यापन आता टिकणार नाही, कारण तशी टिपणे संगणकाकडून क्षणात मिळतात, आणि गृहपाठही तेथूनच लिहून येतो. याचा शोक करण्याचे कारण मला दिसत नाही. उरते ते कानांचे काम: समोरचा भाषक, त्याचे वाक्य, आणि ते ऐकून तेथल्या तेथे केलेले लिप्यंकन. अंतर्गत गुणांचा निम्मा भाग अशा लिप्यंकनाला व त्यावरील तोंडी चर्चेला द्यावा आणि लिप्यंकन विद्यार्थ्याच्या घरच्या बोलीचे असावे, अशी सूचना मी अभ्यासमंडळापुढे मांडू इच्छितो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात एका शिक्षकाला हे झेपणार नाही, आणि रिकाम्या जागा तासिका तत्त्वावरील नेमणुकांनी भरल्या जात असताना दुसरा शिक्षक आणावा कोठून, हा आक्षेप खरा आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लहान गटांत आलटून पालटून काम करून पाहण्याचा विचार आहे.

त्या सत्रात शेवटचा घटक अपुरा राहिला. त्यावर परीक्षेत प्रश्न आला आणि वर्गातील बहुतेकांनी तो सोडून दिला. वऱ्हाडी विद्यार्थिनीने आजीच्या ध्वनिमुद्रणाचे लिप्यंकन पुन्हा करून दिले. त्यात ‘डोया’ आहे, आणि समासात आम्हां कोणाच्याही ध्यानात न आलेली आणखी चार रूपे तिने खुणावून ठेवली आहेत.