गव्हाचे शेत आणि वेदी : कॅथलिक प्राथमिक वर्गातील विषय-समन्वयाचा विचार

प्राथमिक स्तरावर विषयाविषयांतील भिंती पाडल्या पाहिजेत, ही अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि २०२२ साली आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा यांमुळे आपल्याकडे पुन्हा चर्चेत आली आहे. परंतु या भिंती पाडल्यावर छप्पर कशाच्या आधाराने उभे राहणार, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. भाषा, गणित, परिसर, कला हे सर्व एकत्र यावयाचे, तर ते कशाभोवती? या प्रश्नाचे उत्तर ज्या वर्गाजवळ तयार असते, असा वर्ग म्हणजे कॅथलिक प्राथमिक वर्ग होय. तेथे केंद्र शोधावे लागत नाही. श्रद्धा हेच केंद्र असते. म्हणूनच त्या वर्गात लहान मूल नेमके काय शिकते, हे तपासणे कॅथलिक नसलेल्या अभ्यासकालाही उपयुक्त ठरते.

प्रस्तुत लेखात ही तपासणी प्रामुख्याने एका पुस्तकाच्या आधारे करावयाची आहे. मारिया माँटेसरी यांचे चर्चमधील बालजीवनाविषयीचे पुस्तक १९२२ साली नेपल्स येथे इटालियन भाषेत प्रसिद्ध झाले. पुढे १९२९ साली ई. एम. स्टँडिंग यांनी संपादित केलेल्या 'द चाइल्ड इन द चर्च' या इंग्रजी ग्रंथातून ते विचार सर्वत्र पोहोचले. आपल्याकडे माँटेसरी म्हटले की गुलाबी मनोरा, दट्ट्यापेटी आणि खरखरीत अक्षरे डोळ्यांसमोर येतात. या साधनांच्या मागे असलेली धर्मविचाराची बाजू मात्र बहुधा दुर्लक्षित राहते.

माँटेसरी यांनी हा प्रयोग १९१५-१६ च्या सुमारास स्पेनमधील बार्सिलोना येथे केला. मुलांच्या उंचीला साजेसे एक प्रार्थनास्थळ उभारण्यात आले. त्यातील खुर्च्या लहान होत्या आणि पवित्र जलाची पात्रे मुलांचा हात पोहोचेल इतकी खाली होती. पण या प्रयोगाचा गाभा त्या खोलीत नव्हता. तो शेतात होता. मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षरस अर्पण केला जातो, म्हणून मुलांनी स्वतः गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या, त्यांची निगा राखली आणि कापणी केली. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या तयारीत हे सारे श्रम सामावले गेले. जी वस्तू वेदीवर जावयाची, ती मातीतून वर येताना मुलांनी पाहिली होती.

येथे विषय कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. दाणा पेरल्यापासून ओंबी धरेपर्यंतचा काळ मोजणे हे गणित आहे, ऋतूंचे निरीक्षण हा परिसर अभ्यास आहे. उपासनावर्षातील रंग आणि सण यांच्याशी त्या ऋतूंची सांगड घालताना काळाची जाण येते, तर भाकरीचा संदर्भ शोधताना मूल पॅलेस्टाइनच्या भूगोलापर्यंत पोहोचते. आणि हे सारे मुलाला 'विषय' म्हणून दिले जात नाही. ते त्याच्या कामातून निघते. माँटेसरी यांचे आणखी एक निरीक्षण लक्षणीय आहे. वर्गात मुले जे सराव करीत होती (शांतता राखणे, पाणी न सांडता भांडे वाहून नेणे, आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळत चालणे) त्यांना प्रार्थनास्थळात जणू त्यांचे प्रयोजन सापडले. ज्या हालचाली केवळ व्यायाम होत्या, त्या तेथे अर्थपूर्ण कृती झाल्या. हे निरीक्षण, माझ्या मते, संपूर्ण ग्रंथातील सर्वांत मोलाचे आहे.

याच्या तुलनेत धर्माधारित समन्वयाचा जो प्रकार सर्रास दिसतो, तो फार उथळ म्हणावा लागेल. जपमाळेचे मणी मोजून बेरीज शिकविणे, प्राण्यांच्या पाठाला नोहाच्या तारवाचे चित्र जोडणे, हस्ताक्षराच्या सरावासाठी बोधवचन देणे, यांत विषय एकत्र येत नाहीत. एका विषयावर दुसऱ्याची चिठ्ठी चिकटविली जाते. त्यातून बेरीजही खोल होत नाही आणि प्रार्थनाही. (असे प्रकार केवळ कॅथलिक शाळांतच होतात असे मुळीच नाही, आपले पुष्कळसे 'मूल्यशिक्षण' याच जातीचे आहे.) विशेष म्हणजे व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक धर्ममंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या 'द कॅथलिक स्कूल' या दस्तऐवजातही शालेय विषयांना श्रद्धेची केवळ पुरवणी समजणे चुकीचे ठरविले आहे. प्रत्येक विषय त्याच्या स्वतःच्या पद्धतीनेच शिकविला जावा, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. म्हणजे चर्चची अधिकृत भूमिका आणि वर्गातील रूढ व्यवहार यांत अंतर आहे.

तथापि, बार्सिलोनाच्या प्रयोगाकडेही निव्वळ कौतुकाने पाहता येत नाही. त्या शेतातील गव्हाचा अर्थ पेरणीपूर्वीच ठरलेला होता. मुलाला श्रमाचे स्वातंत्र्य होते, गतीचे होते, निवडीचेही काही प्रमाणात होते. अर्थ शोधण्याचे स्वातंत्र्य मात्र नव्हते. एखाद्या मुलाने, हा गहू आपण घरी नेऊन खाल्ला तर काय बिघडेल, असे विचारले असते तर? अशा मुलाला त्या वृत्तांताच्या मांडणीतच जागा दिसत नाही. तेथे मुले आनंदित आहेत, एकाग्र आहेत, कृतज्ञ आहेत. शंका घेणारे मूल नाही. माँटेसरी यांच्या पद्धतीवर कॅथलिक वर्तुळातूनच निसर्गवादाचा आक्षेप घेतला जात होता, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर हा वृत्तांत काही अंशी त्या आक्षेपाला दिलेले उत्तरही आहे, असे जाणवते. जी पद्धती बालकाच्या निरीक्षणावर उभी आहे, तिच्याकडून निरीक्षणातील गैरसोयीच्या नोंदीही अपेक्षित असतात.

हे केंद्र बदलू शकते, याचा पुरावा खुद्द माँटेसरी यांच्याच कार्यात मिळतो. १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. कोडाईकनाल येथील वास्तव्यात त्यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 'वैश्विक शिक्षणा'ची कल्पना विकसित केली. तेथे विषयांना जोडणारे सूत्र वेदी नसून विश्वाची कथा हे आहे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे काम याहून वेगळ्या दिशेने गेले. महागड्या साधनांच्या जागी परिसरातील वस्तू आल्या. गुरे चारणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. येथे केंद्र होते ते त्या मुलांचे प्रत्यक्ष जगणे. अंगणवाडी आणि कुरणशाळा या शब्दांतच ते केंद्र दिसते. शंकेचा प्रश्न येथे तितका बिकट होत नाही, कारण गुरे का चारायची याचे उत्तर मुलाला घरूनच मिळालेले असते. पण त्या जगण्याच्या पलीकडे मुलाला कसे न्यावयाचे, ही अडचण तेथे निराळ्या रूपाने उभी राहते.

आपल्या शहरांतील कॅथलिक व्यवस्थापनाच्या अनेक शाळांत बहुसंख्य मुले कॅथलिक नसतात. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त अथवा अनुदानित संस्थेत अज्ञान विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात सहभागी करून घेता येत नाही. ही तरतूद आवश्यकच आहे. तिच्याशी जुळवून घेताना शाळांनी वेळापत्रकातून मार्ग काढला: एका तासिकेला कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात आणि उरलेली 'मॉरल सायन्स'ला बसतात. कायद्याच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. शैक्षणिक दृष्ट्या मात्र दोन्ही गटांचे नुकसान होते. कॅथलिक मुलाची श्रद्धा एका तासिकेत बंदिस्त होते आणि इतरांना कोणत्याही कृतीशी न जोडलेली सुवचने मिळतात.

या शाळांच्या आवारात गव्हाचा एखादा वाफा सर्व मुलांनी मिळून करावयास कायद्याची आडकाठी नाही. त्यातील काही गहू वेदीसाठी जाईल, काहींच्या घरी त्याची पोळी होईल, आणि कोणाच्या घरी घटस्थापनेच्या मातीत तो पेरलाही जाईल. शिक्षकाला तेव्हा एकच अर्थ सांगून चालणार नाही; तीन घरांतील तीन उत्तरे त्याला वर्गात ऐकून घ्यावी लागतील. चाळीस मिनिटांच्या तासिकेत आणि पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे कितपत साधेल, हा प्रश्न शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात अद्याप नीटपणे मांडला गेलेला नाही.