रहस्यपटातील गृहागमन

स्वगृही परतलेला खाजगी गुप्तहेर हा पाश्चात्त्य रहस्यपटाचा परिचित नायक होय. मराठी पडद्यावर हा व्यावसायिक शोधक फारसा रुजला नाही. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) मध्ये शोधाचे कार्य वकिलाकडे येते. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात मृत मानलेल्या पत्नीशी तंतोतंत साम्य असलेली आरोपी स्त्री आपण तीच असल्याचे सांगते. हेच कथानक राज खोसला यांच्या ‘मेरा साया’ (१९६६) मध्ये हिंदीत आले. येथे संशयाचा विषय शहर नसून नायकाचे स्वतःचे घर आहे. चित्रपटाचे खरे बळ यातच आहे. मात्र न्यायालयात सत्य उच्चारले गेले की पुरे, ही श्रद्धा त्याने गृहीत धरली आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत ही श्रद्धा टिकेल काय? महानगरातील गूढ अपरिचयातून जन्मते. लहान गावात मात्र माणसे परस्परांना ओळखत असतात. १९८० नंतर नक्षलवादी आणि पोलीस यांच्या संघर्षात सापडलेल्या गावांचे मौन पुष्कळदा अज्ञानाचे नव्हते, भयाचे होते. अशा गावी परतलेल्या शोधकापुढे ‘गुन्हा कोणी केला?’ हा प्रश्न गौण ठरतो. सांगणाऱ्याचे पुढे काय होईल, हा खरा प्रश्न होय. कारण शोधक पुन्हा निघून जाऊ शकतो, साक्षीदाराला तेथेच राहावयाचे असते. या भूमीवरील रहस्यपटाचे मूल्य उकलीच्या चातुर्यावरून नव्हे, तर या जबाबदारीच्या जाणिवेवरून ठरवावे लागेल.