‘लांगूलचालन’ : अर्थ आणि प्रयोग

जुन्या पत्रांच्या प्रस्तावनांतून व टीपांतून ‘लांगूलचालन’ हा शब्द फार सढळ हातानें योजिला जातो. पत्राच्या आरंभीं ‘सेवेसी’, पुढें ‘विज्ञापना’ आणि अखेरीस कृपालोभाची याचना आढळली, कीं लेखकावर हा शिक्का बसलाच. शब्द कठोर आहे. तो मनुष्याच्या शीलाविषयीं निर्णय देतो. म्हणून त्याचा नेमका अर्थ तपासणें अवश्य वाटतें.

लांगूल म्हणजे शेपूट व चालन म्हणजे हालविणें, ही व्युत्पत्ति उघड आहे. या अर्थाचें प्रसिद्ध स्थळ भर्तृहरीच्या नीतिशतकांत सांपडतें. घांस घालणाऱ्यापुढें कुत्रें शेपूट हालवितें, पायांशीं पडतें, भुईवर लोळून तोंड व पोट दाखवितें. गजश्रेष्ठ मात्र धीरपणें पाहतो आणि पुष्कळ गोड शब्दांनीं विनविल्यावर खातो. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, लांगूलचालन करणारा हा घेणारा असतो, देणारा नव्हे. दुसरी, निंदा नम्रतेची नसून घांसासाठीं स्वत्व सोडण्याची आहे. हत्तीहि परक्याच्याच हातचें खातो. भेद वृत्तीचा आहे.

हल्लींच्या राजकीय लेखनांत सत्ताधाऱ्यानें एखाद्या वर्गाची मर्जी राखणें यासहि लांगूलचालन म्हणतात. म्हणजे घांस देणाराच शेपूट हालवूं लागला! वस्तुतः देणाऱ्याच्या आर्जवाला त्याच श्लोकांत ‘चाटु’ हा निराळा शब्द आहे. मतें मागणारा एका अर्थीं याचकच, ही या प्रयोगाची बाजू आम्हांस मान्य आहे; परंतु तो अर्थ अठराव्या शतकाच्या कागदांवर लादूं नये.

त्या कागदांतील मायना लिहिणाऱ्याचा व ज्यास लिहावयाचें त्याचा दर्जा पाहून ठरे. लेखनप्रशस्तींतून तो शिकविला जाई. रूढ मायना लिहिणें हा शिष्टाचार होय. त्यावरून अंतःकरण ओळखूं जाणें म्हणजे पागोट्यावरून पराक्रम मोजणें.

महादजी शिंद्यांचें उदाहरण घ्यावें. 1792 सालीं वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें घेऊन ते पुण्यास आले. त्या वेळीं दरबारांत सर्वांखालीं उभे राहून त्यांनीं सवाई माधवरावांपुढें पायपोस ठेविले व हाच आपला वडिलोपार्जित धंदा असें म्हटलें, ही हकीकत ग्रँट डफनें 1826 च्या आपल्या इतिहासांत दिली आहे. बाह्य आविर्भाव पाहिला तर याहून अधिक लीनता ती कोणती? परंतु उत्तरेंत प्रबळ फौज बाळगणारा आणि नाना फडणिसांशीं बरोबरीनें डाव खेळणारा हा सरदार घांसासाठीं पायांशीं लोळत नव्हता. त्याची नम्रता हें राजकारण होतें. तिला ढोंग म्हणावें, धोरण म्हणावें, वा निष्ठा म्हणावी. लांगूलचालन म्हणतां येणार नाहीं.

तात्पर्य, हा आरोप करण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या : रूढ मायन्यापलीकडे लीनता गेली आहे काय, तिच्या मोबदल्यांत कांहीं मागितलें आहे काय, आणि त्यासाठीं लेखकानें आपला हक्क अगर मत सोडलें आहे काय. पहिल्या परीक्षेस तर मायना समोरच असावा लागतो. तो गाळून केवळ मजकूर छापणारे संपादक वाचकाच्या हातचें मापच काढून घेतात. संग्राहकांनीं व संपादकांनीं मायना अक्षरशः द्यावा, एवढीच आमची सूचना आहे.