ढालीवरचा माणूस

बेल्जियममधलं ब्रूज बहुतेकांच्या वाट्याला एकच दिवस येतं. सकाळी ब्रसेल्सहून तासाभराच्या रेल्वेनं यायचं, घंटाघराच्या 366 पायऱ्या चढायच्या, कालव्यांतून अर्ध्या तासाची नौकाफेरी करायची आणि संध्याकाळी परतायचं. या आखणीत वाईट काहीच नाही. पण मला विचाराल तर सकाळचा पहिला, ताजा तास ग्रूनिंगे संग्रहालयातल्या एकाच चित्राला द्यावा. यान व्हान आइकनं ओकच्या फळीवर तैलरंगात केलेलं हे काम 1436 मध्ये पूर्ण झालं. सव्वा मीटर उंच, दीड मीटरहून थोडं जास्त रुंद. ते नीट बघितलं की बाहेरचं शहर बघायला नजर तयार होते.

मधोमध सिंहासनावर मेरी, तिच्या मांडीवर बाळ येशू, बाळाच्या हाताशी हिरवा पोपट. डावीकडे बिशपच्या वेशात संत डोनाशिअन, उजवीकडे चिलखतातला संत जॉर्ज, आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला, पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा. हा योरिस व्हान डर पाले. रोममध्ये पोपच्या दरबारी चाकरी करून तो ब्रूजला परतला, संत डोनाशिअन चर्चचा धर्माधिकारी झाला आणि आजारानं खंगल्यावर त्यानं हे चित्र करवून घेतलं. पैसे त्याचे, पण चित्रकारानं त्याच्या चेहऱ्याला कसलीही सवलत दिलेली नाही. ओघळलेली हनुवटी, सुरकुतलेले गाल, कानशिलावर तटतटलेली शीर. ती शीर बघून आधुनिक डॉक्टरांनी त्याच्या दुखण्याचं निदान करायचा प्रयत्नही केला आहे.

त्याच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक आहे, चष्मा आहे. भिंगाखाली आलेली अक्षरं वेगळी दिसतात, इतकं चित्रकाराचं लक्ष आहे. वाचता वाचता म्हाताऱ्यानं चष्मा काढलाय आणि त्याची नजर कुठंच टेकलेली नाही. मेरी हाकेच्या अंतरावर असून तो तिच्याकडे बघत नाही. मला या चित्रातली ही सगळ्यात मोठी जागा वाटते. समोरचं दृश्य त्याला डोळ्यांनी दिसत नाहीये, प्रार्थनेतून दिसतंय, आणि त्यासाठी चष्म्याची गरज उरलेली नाही. याला तोल म्हणून की काय, संत जॉर्ज मात्र अगदी देहाचा माणूस आहे. शिरस्त्राण उचलून अभिवादन करण्याच्या नादात त्याचा पाय म्हाताऱ्याच्या झग्यावर पडलाय. संतालाही इथं वजन आहे.

आता कापड बघा, पैठणी घेताना पदर उलटून बघतात त्या नजरेनं. डोनाशिअनच्या निळ्या झुलीतली जर दुमडीवर उजळते आणि सावलीत शिरल्यावर तपकिरी होते. मेरीच्या पायाशी पूर्वेकडचा गालिचा आहे. असल्या वस्तू व्हान आइकला कल्पनेतून आणाव्या लागल्या नाहीत. 1134 च्या वादळानं झ्विनची खाडी शहराच्या दिशेनं खोल आत घातली आणि समुद्रावरचा माल होड्यांतून ब्रूजच्या बाजारात येऊ लागला. इटलीच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या इथं होत्या, त्यांची मखमल आणि जर इथं विकली जाई. पुढं झ्विन गाळानं भरत गेली, व्यापार अँटवर्पकडे सरकला. शहर इतकं गरीब झालं की जुनं पाडून नवं बांधायला पैसाच राहिला नाही. आज आपण ज्या विटांच्या घरांपुढं थांबतो, ती बरीचशी या गरिबीनं राखली. मला हे कळल्यापासून त्यांना नुसतं सुंदर म्हणवत नाही.

चित्रातली खरी करामत जॉर्जच्या चिलखतात आहे. त्याच्या वाटोळ्या पत्र्यांवर मेरीचा लाल झगा पुन्हा पुन्हा उमटलाय, प्रत्येक ठिकाणी निराळा वाकलेला. आणि पाठीवरच्या ढालीत, अगदी जवळ गेलं तर, एक इवलासा उभा माणूस दिसतो. तो खुद्द व्हान आइक, असं अनेक अभ्यासक मानतात. तो चित्राच्या चौकटीबाहेर उभा आहे, म्हणजे आपण उभे आहोत त्याच बाजूला. जवळजवळ सहाशे वर्षं ती जागा बघणाऱ्याची आहे. बाहेर आलं की डायव्हरचा कालवा समोरच असतो. पाण्यातली उतरती छपरं नौका गेली की मोडतात, सावकाश पुन्हा जुळतात. एरवी त्यांचा फोटो काढून आपण पुढं गेलो असतो. आता कुठली भिंत कशी वाकली, कुठली खिडकी पाण्यात लांबली, हे निरखावंसं वाटतं.

तिथून बुर्ग चौकात जावं. हे चित्र ज्या चर्चसाठी काढलं, ते तिथं होतं. व्हान आइकचं दफनही तिथलंच. फ्रेंच अमलात, 1799 च्या सुमारास, ते पाडलं गेलं. आता तिथं झाडं आहेत, आणि शेजारच्या हॉटेलच्या तळघरात चर्चचा पाया दिसतो. संत डोनाशिअनच्या हातात चित्रात पाच पेटत्या मेणबत्त्यांचं चाक आहे. कथा अशी की लहानपणी तो टायबर नदीत पडला, तेव्हा तसं चाक पाण्यावर सोडलं आणि ते जिथं थांबलं तिथं तो सापडला. कालव्यांच्या गावाला याहून शोभणारा संत मिळाला नसता. नौकाफेरी यानंतर घ्यावी, आणि घंटाघराला वेळ उरला नाही तर ते खुशाल सोडून द्यावं.