टोपली कोणाच्या हातात होती? : डिकन्सच्या रोममधलं एक कुटुंब

आजचा विषय वरवर पाहता अगदी हलका आहे. सुट्टीत परदेशी शहर बघायला गेलेलं कुटुंब, आणि त्याचा तिथला एक दिवस. असा दिवस आता आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येतो. सकाळी हॉटेलातून निघायचं, दोन देवळं, एक राजवाडा, मध्ये कुणाला तरी भूक लागते, कुणाची तरी चप्पल तुटते, आणि रात्री फोटो पाठवून झाले की म्हणायचं, ‘आम्ही रोम पाहिलं.’ या वाक्यातल्या ‘आम्ही’बद्दल मला आज बोलायचं आहे. त्यासाठी मी एक जुनं पुस्तक निवडलं आहे, चार्ल्स डिकन्सचं ‘पिक्चर्स फ्रॉम इटली’. ते १८४६ साली प्रसिद्ध झालं.

डिकन्सच्या कादंबऱ्या आपण वाचतो, निदान शाळेत त्यांची ओळख होते. हे पुस्तक मात्र फारसं कुणी वाचत नाही. त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. जुलै १८४४ मध्ये डिकन्स सगळं बिऱ्हाड घेऊन इटलीला निघाला. सगळं म्हणजे अक्षरशः सगळं. बायको कॅथरिन, मेहुणी जॉर्जिना, पाच मुलं, नोकरमाणसं, वाटाड्या आणि एक कुत्रा. एक भलीमोठी घोडागाडी, आणि तीत हा संसार. जिनोआला घर केलं आणि तिथून तो इटलीभर फिरला. परत आल्यावर त्यातला बराच मजकूर ‘डेली न्यूज’मध्ये पत्रांच्या रूपात छापला, मग पुस्तक केलं.

आता गंमत बघा. पुस्तकाच्या सुरुवातीला हे कुटुंब दिसतं. गाडी फ्रान्समधल्या एका खाणावळीपुढे थांबते, आणि आतून एकेक जण उतरतो. बाई उतरल्या, बाईंची बहीण उतरली, मुलं उतरली, शेवटी तान्हं बाळ. प्रत्येकागणिक खाणावळवाल्यांच्या कौतुकाला नवा बहर येतो. प्रसंग फार झकास आहे, जत्रेतल्या तमाशासारखा. आणि कुटुंबप्रमुख? त्याच्याविषयी डिकन्स तृतीयपुरुषात लिहितो. आशय असा, की कुटुंब जिनोआत राहणार आणि कुटुंबप्रमुख मनाला येईल तिकडे भटकणार.

झालं. हीच या पुस्तकाची कामाची वाटणी. ते राहणार, हा भटकणार. त्यानंतर मुलं जवळजवळ नाहीशी होतात. बायकोचंही तेच. पुढे व्हेसुव्हियसवर रात्री चढण्याचा थरारक प्रसंग आहे, त्यात बायकांना डोल्यांतून वर नेलं जातं. पण त्या बायका म्हणजे लेखकाची पत्नी आणि मेहुणी, हे आपल्याला चरित्रं वाचल्यावर कळतं. पुस्तकात त्या नुसत्या ‘बायका’ आहेत.

आता रोमकडे येऊ. १८४५च्या जानेवारीच्या शेवटी डिकन्स रोमला पोचला. बरोबर कॅथरिन होती, मुलं जिनोआतच. पहिलं दर्शन कसं? लांबून शहर दिसलं, वर ढग दाटलेले, आणि त्याला ते चक्क लंडनसारखं वाटलं! (हशा) आत शिरल्यावर साधी दुकानं, साधी घरं, कुठल्याही युरोपीय गावात असतात तशी. स्वारी नाराज होऊन झोपली. दुसऱ्या दिवशी सेंट पीटर्स. तिथे तासभर घुमटाकडे बघत उभं राहणं झालं, पण गूढतेचा अनुभव व्हेनिसच्या सान मार्कोमध्ये जास्त आला, असं तो सरळ लिहितो. तिथून गाडीवाल्याला सांगितलं, कलोसियमला चल. आणि तिथे मात्र तो हलून गेला. ते भग्न, गवत उगवलेलं वर्तुळ आणि तिथली शांतता यांचं वर्णन आजही अंगावर येतं.

हा प्रामाणिकपणा डिकन्सचा मोठा गुण आहे. मार्गदर्शक पुस्तक सांगतं म्हणून तो भारावत नाही. स्पॅनिश पायऱ्यांवरचा प्रसंग असाच आहे. तिथे बसलेले लोक त्याला ओळखीचे वाटतात. का? तर ते चित्रकारांचे मॉडेल. लंडनच्या प्रदर्शनांत ज्यांना ऋषितुल्य म्हातारा, खुनी दरोडेखोर, सुस्तावलेला इटालियन म्हणून पाहिलं, तेच चेहरे इथे गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेत. परदेश बघायला जाताना आपण त्याचं चित्र आधीच डोक्यात घेऊन जातो, हे त्यानं इतक्या लवकर ओळखलं.

पण या वर्णनांत जो ‘आम्ही’ येतो, त्याच्यापाशी जरा थांबू. ‘आम्ही’ गाडीवाल्याला सांगितलं, ‘आम्ही’ घुमटाखाली उभे राहिलो. इंग्रजीत एकच शब्द आहे. मराठीत आणायचा तर आपल्याला निवड करावी लागते, ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आपण’ म्हटलं तर ऐकणाराही आत येतो, ‘आम्ही’ म्हटलं तर तो बाहेर राहतो. इथे ‘आम्ही’च घालावं लागेल. आणि मराठीत आणखी एक मजा आहे. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ यात बोलणारा पुरुष की बाई ते कळतं. ‘आम्ही गेलो’ म्हटलं की कळत नाही. बाई त्या ‘आम्ही’त आहे की नाही, हे व्याकरण सांगतच नाही. डिकन्सच्या रोममध्ये कॅथरिन याच ‘आम्ही’त आहे. घुमटाखालचा तो तास तिला कसा गेला, तिचे पाय दुखले का, तिला कलोसियम आवडलं का, यातलं पुस्तकात काहीही नाही. आपल्याला दिसतं ते एकाच जोडी डोळ्यांनी पाहिलेलं रोम.

आणि मग येतात मिस्टर आणि मिसेस डेव्हिस.

रोमच्या प्रकरणातलं हे पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लंडनहून ठेक्यावर आणलेल्या पंधरावीस प्रवाशांची एक टोळी रोममध्ये फिरते आहे. कंत्राटी सहल! थॉमस कुकनं इंग्लंडात पहिली रेल्वेसहल काढली १८४१ साली, आणि इटलीला तो पोचला १८६४मध्ये. म्हणजे त्याच्या कितीतरी आधी हा प्रकार रोममध्ये हजर आहे. या टोळीत डेव्हिस नवराबायको आहेत, त्यांची मित्रमंडळी आहेत. डिकन्स जिथे जाईल तिथे हे लोक. थडग्यात हे, भग्नावशेषांत हे, चित्रशाळेत हे, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या प्रत्येक विधीला हे. मिसेस डेव्हिसचं तोंड मिटत नाही. गाइड काही सांगायला लागला की त्या त्याला फटकारतात, बाबा रे, तुझं एक अक्षर मला कळत नाही, उगाच डोकं खाऊ नकोस. मिस्टर डेव्हिस संथ कुतूहलाचे. भलीमोठी हिरवी छत्री हातात. थडग्यातल्या अस्थिकलशाचं झाकण उघडून आत बघतात, लोणच्याची बरणी बघावी तसं. (हशा) शिलालेखावर छत्रीचं टोक फिरवून एकेक अक्षर लावतात. आणि त्यामुळे सारखे मागे राहतात. मग सगळे नको त्या ठिकाणी, नको त्या वेळी त्यांच्या नावानं हाका मारत सुटतात. शेवटी ते कुठल्या तरी थडग्यातून शांतपणे बाहेर येतात, आणि बाई ठरलेलं वाक्य ऐकवतात. तात्पर्य, तुम्ही परक्या मुलखात जिवंत गाडले जाणार, मी थोपवून उपयोग नाही.

लेखन म्हणून हे अप्रतिम आहे. आता त्यातलं एकच वाक्य घेऊ. डिकन्स म्हणतो, या बाईनं कधी काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. कारण तिच्या हातात गवतकाडीची विणलेली एक टोपली आहे, त्यातलं काहीतरी नेहमी हरवलेलं असतं, आणि तळाशी साठलेल्या इंग्लिश हाफपेनींच्या ढिगात ती ते जीव तोडून शोधत असते.

आपण हसतो. हाफपेनीला रोममध्ये किंमत काय? तिथे पोपचं राज्य, स्कूदो आणि बायोक्को चालायचे. म्हणजे हे ओझं निव्वळ घरचं, इथे निरुपयोगी. पण दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला, ती शोधत काय होती? डिकन्सला माहीत नाही. या मंडळींशी ओळख करून घ्यायची आपल्याला फार इच्छा होती पण ती पुरी झाली नाही, असं तोच लिहितो. म्हणजे आठवडेच्या आठवडे तो त्यांना बघत होता, पण बोलला एकदाही नाही. रुमाल असेल, औषध असेल, नवऱ्याचा चष्मा असेल. दुसरा प्रश्न जास्त गंभीर. जी बाई काहीच बघत नाही, तिला दर वेळी कळतं कसं, की आपल्यातला एक माणूस दिसत नाहीये? टोळीतल्या सगळ्यांना ती धास्ती आहे, पण सगळ्यात मोठा घोर तिला. म्हणजे ती बघत होती. तिचं लक्ष थडग्याकडे नव्हतं, थडग्यात शिरलेल्या माणसाकडे होतं. एकाच परिच्छेदात डिकन्स ‘ती काही बघत नाही’ असंही सांगतो, आणि ती काय बघते तेही दाखवतो. फक्त त्या दुसऱ्या बघण्याला तो बघणं म्हणत नाही.

कुटुंबाच्या सहलीत हे बघणं कुणीतरी करावंच लागतं. डोकी मोजणं, पाणी, गोळ्या, परतीची वेळ. ते एकानं केलं म्हणून दुसऱ्याला तासभर घुमटाकडे मान वर करून उभं राहता येतं. आणि प्रवासवर्णन लिहितो तो दुसरा.

कॅथरिनबद्दल एक तारीख सांगतो. १८४५च्या ऑक्टोबरअखेर तिला आणखी एक मुलगा झाला. मागे मोजून बघा. रोममध्ये ईस्टरचे ते विधी चालले होते, डेव्हिसबाई टोपली चाचपत होत्या, तेव्हा डिकन्सच्या शेजारी उभी असलेली त्याची बायको गरोदर होती, आणि सव्वा वर्षाचं बाळ जिनोआत मागे होतं. डेव्हिसबाईंचं एक अख्खं पान झालं, कारण त्या परक्या आणि हसण्याजोग्या. कॅथरिनची ओळही नाही. सहा वर्षांनी, १८५१मध्ये, तिनं टोपणनावानं एक छोटं पुस्तक काढलं, जेवणाच्या बेतांचं. नावाचा अर्थ, ‘आज जेवायला काय करायचं?’ आपल्या घरात रोज संध्याकाळी विचारला जाणारा प्रश्न! ज्या माणसांनी टोपली सांभाळली, त्यांच्या हातून प्रवासवर्णन आलं नाही, हे आलं.

आता डिकन्सची बाजूही मांडली पाहिजे. डेव्हिसांचा प्रसंग तो कसा संपवतो ते बघा. तो म्हणतो, ही मंडळी लंडनहून नऊदहा दिवसांत आली असतील. आणि अठराशे वर्षांपूर्वी क्लॉडियस बादशहाच्या रोमन फौजा यांच्याच देशात जायला कुरकुरत होत्या, कारण तो म्हणे जगाच्या पलीकडे होता. या एका विनोदानं पारडं फिरतं. ज्यांना रोमन शिपायांनी जगाबाहेर मोजलं, त्यांचे वंशज आज छत्री घेऊन रोमनांच्या राखेत डोकावताहेत. डेव्हिसांना तो इथे इतिहासात जागा देतो. डिकन्स स्वतः कारकुनाचा मुलगा, बाप कर्जापायी तुरुंगात गेलेला. ही माणसं त्याच्या आतली होती. म्हणूनच ती इतकी जिवंत उतरली, आणि कदाचित म्हणूनच त्यानं त्यांना इतकं लांब ठेवलं.

आपल्याकडे याच्याशी ताडून बघायचं तर पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ घ्या, १९६०चं. सुनीताबाई त्या प्रवासात होत्या आणि पुस्तकातही आहेत, बोलतात, टोकतात. विनोदाचं टोक लेखकानं बरंचसं स्वतःकडे वळवलं आहे, छत्री आणि टोपली दोन्ही आपल्याच हातात घेतल्यासारखं. त्यामुळे तिथला ‘आम्ही’ खरोखर दोघांचा वाटतो. तरीही तो एकाच्या लेखणीतून आलेला आहे. सुनीताबाईंच्या स्वतःच्या लेखणीतून आलेलं सहजीवन वाचायला आपल्याला १९९०च्या ‘आहे मनोहर तरी’पर्यंत थांबावं लागलं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, एवढंच सुचवतो.

तेव्हा प्रवासवर्णन वाचताना, किंवा आता बघताना, एवढा एक प्रश्न जवळ ठेवा. या दिवसभरात टोपली कोणाच्या हातात होती? आणि त्या माणसाला ते शहर कसं दिसलं, हे इथे कुठे आलंय का?

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, मग टोपलीचा सगळा तपशील भरला तर प्रवासवर्णनाचं घरखर्चाच्या वहीत रूपांतर होणार नाही का?

उत्तर : होईल, नुसती यादी केली तर. पण डेव्हिसांचंच पान बघा ना. रोमवरचं एवढं मोठं प्रकरण, आणि त्यात आपण आज सगळ्यात जास्त हसलो कुठे? त्या टोपलीपाशी आणि त्या लोणच्याच्या बरणीपाशी. घरगुती तपशिलानं ते पान पडलेलं नाही, उभं राहिलंय. माझी तक्रार एवढीच आहे, की डिकन्सनं तो तपशील परक्या बाईचा टिपला. स्वतःच्या गाडीत बसलेल्या बाईचा टिपला असता, तर रोमचं आणखी एक दर्शन आपल्याला मिळालं असतं.