प्रशस्तीच्या पोटातील गाऱ्हाणे

राजाच्या स्वागतासाठी उभारलेली कमान ही मुळातच अल्पायुषी वास्तू. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले रंगीत चित्रपट, काही पुतळे. मिरवणूक पुढे सरकली की तिचे प्रयोजन संपले. युरोपातील बरोक युगाने या क्षणिक वास्तूला ग्रंथात चिरस्थायी करण्याची रीत चांगलीच रुजविली. राजप्रवेशाचा सोहळा आटोपल्यावर त्याचे सचित्र वर्णन भव्य आकाराच्या ग्रंथात छापले जाई. अशा ग्रंथांची गणना सामान्यतः प्रशस्तिवाङ्मयात होते, आणि साहित्याचा अभ्यासक त्यांच्याकडे क्वचितच वळतो. स्तुती ठरलेली, देवदेवता ठरलेल्या; मग वाचावयाचे ते काय? ‘पोम्पा इन्ट्रोइटुस फर्डिनान्डी’ हा अँटवर्प येथे छापलेला दुर्मिळ लॅटिन ग्रंथ या समजुतीला छेद देतो. त्याच्या नामपृष्ठावर १६४१ हे वर्ष आहे.

प्रसंग असा. स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा धाकटा भाऊ, कार्डिनल-राजपुत्र फर्डिनांड, दक्षिण नेदरलँड्सचा नवा राज्यपाल म्हणून १७ एप्रिल १६३५ रोजी अँटवर्प नगरात प्रवेशला. आदल्याच वर्षी नर्डलिंगेनच्या रणांगणावर स्वीडिश फौजांविरुद्ध मिळविलेल्या विजयाचे तेज त्याच्याभोवती होते. कमानी व देखाव्यांची मुख्य कल्पना पीटर पॉल रूबेन्सची. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी याकोब यॉर्डान्स, कोर्नेलिस द व्होस यांच्यासारखे चित्रकार राबले. ग्रंथाचा मजकूर नगराचा सचिव व लॅटिनचा पंडित यान गास्पार गेव्हार्ट्स याने लिहिला. थिओडोर फान ट्यूल्डन याने अम्लरेखनाने चित्रे सिद्ध केली. चित्रपृष्ठांची संख्या चाळीसच्या वर आहे.

या सोहळ्याला एक परंपरा होती. ब्राबांत प्रांतात १३५६च्या सनदेपासून ‘आनंदप्रवेश’ हा केवळ उत्सव राहिला नव्हता. राज्यकर्त्याने प्रजेचे हक्क शपथपूर्वक मान्य करावयाचे आणि प्रजेने त्याची सत्ता मानावयाची, असा तो व्यवहार होता. म्हणजे स्वागत करणारे नगर हात जोडून उभे असले, तरी त्या जोडल्या हातांत मागणीचा कागदही असे. हे ध्यानात घेतले की ग्रंथाचे वाचन बदलते. वरवर जी स्तुती दिसते, तिच्या पोटात गाऱ्हाणे आहे.

त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे वाणिज्यदेव मर्क्युरीचा देखावा. १५८५मध्ये अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले आणि उत्तरेकडील बंडखोर प्रांतांनी स्केल्ट नदीचे मुख रोखून धरले. ज्या बंदरात एके काळी युरोपातील जहाजांची दाटी होई, त्याचा समुद्राकडील मार्गच असा कोंडला गेला. रूबेन्सने हे दुःख प्रतिमांत उतरविले. मर्क्युरी चौथऱ्यावरून पाऊल उचलून निघाला आहे. तटबंदीच्या आकाराचा मुकुट ल्यालेली नगरदेवता अँटवर्प गुडघे टेकून काकुळतीला आली आहे. नददेव स्केल्ट झोपला आहे. काम नसलेला खलाशीही तेथेच आहे. देखाव्यावरील लेखात राजपुत्राला विनंती आहे, ती या निघालेल्या देवाला थांबविण्याची. स्वागताच्या मार्गावर पाहुण्याला आपली रिकामी झोळी दाखविणे हे धाडसाचे होते. ते पौराणिक रूपकाच्या आवरणामुळे शक्य झाले. रूपक येथे अलंकार म्हणून येत नाही. जे सरळ बोलता येत नाही ते बोलण्याचा तो एकमेव मार्ग आहे.

जानुसच्या मंदिराचा देखावा हेच सूत्र पुढे नेतो. मंदिराचे दार उघडले आहे आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेला उन्माद तलवार व मशाल घेऊन बाहेर झेपावतो आहे. दुसऱ्या बाजूने शांतिदेवता आणि दिवंगत राज्यपाल इसाबेला दार लोटू पाहतात. विजयी सेनापतीसमोर युद्धाची कीर्ती न गाता युद्ध थांबविण्याची याचना मांडली आहे. ती फळाला आली नाही. सोहळ्याला जेमतेम महिना उलटतो तोच, १९ मे १६३५ रोजी, फ्रान्सने स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले.

येथे ग्रंथ आणि प्रसंग यांतील काळाचे अंतर महत्त्वाचे ठरते. ग्रंथाचे काम वर्षानुवर्षे लांबले. ३० मे १६४० रोजी रूबेन्स वारला. १ डिसेंबर १६४० रोजी पोर्तुगालने स्पेनचे जू झुगारले. म्हणजे अँटवर्पमधील पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी फिलिपच्या गौरवार्थ उभारलेली कमान ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच इतिहासजमा झाली. (१५८०पासून त्या घटकेपर्यंत गोवाही याच राजमुकुटाखाली होता, हे आपल्या वाचकाने आठवावे.) ९ नोव्हेंबर १६४१ रोजी खुद्द राजपुत्र निवर्तला. उलट, १६३८च्या कालो येथील विजयासाठी कल्पिलेला, म्हणजे मूळ सोहळ्यात नसलेला विजयरथही ग्रंथात समाविष्ट झाला. तात्पर्य, हा ग्रंथ त्या दिवसाचे इतिवृत्त नव्हे. ती स्वतंत्र निर्मिती आहे. अवघी पृष्ठरचना मंगल सुरात असली, तरी ती वाचकापुढे आली तेव्हा तिच्यातील एकेक आशा विझलेली होती.

ग्रंथ निर्दोष नाही. गेव्हार्ट्सची विद्वत्ता अनेकदा चित्राच्या अंगावर येते. प्राचीन नाणी, कोरीव लेख, कवींची अवतरणे यांच्या गर्दीत प्रतिमेचा श्वास कोंडतो. फान ट्यूल्डनची रेषा काटेकोर, पण थंड आहे. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातील रूबेन्सची तैलरेखाटने पाहिली की त्यांतील चपळ कुंचला छापील पानावर किती हरवला आहे, हे कळते. तरीही या दोघांनी जपून ठेवले नसते तर कमानींची समग्र रचना आज आपल्याला कळलीच नसती. जॉन रुपर्ट मार्टिन यांनी १९७२मध्ये या सजावटीचा जो साक्षेपी अभ्यास प्रसिद्ध केला, त्यालाही हा ग्रंथ आधारभूत आहे.

स्केल्ट नदी राजपुत्राने मोकळी केली नाही. १६४८च्या तहाने तर तिच्या बंदीवर कायद्याची मोहोर उठविली. विनंती विफल झाली. तिचे शब्द व चित्रे मात्र उरली. प्रशस्ती ज्याच्यासाठी लिहिली जाते त्याच्याविषयी ती फारसे सत्य सांगत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण ती लिहिणाऱ्यांना काय हवे होते आणि कशाचे भय वाटत होते, हे तिच्याइतके नेमके दुसरे कोणते वाङ्मय क्वचितच सांगते. प्रशस्तिग्रंथ उघडताना वाचकाने सिंहासनाकडे पाहण्याआधी त्याच्या पायथ्याशी गुडघे टेकलेल्या आकृतीकडे पाहावे.